डबा कॅमेऱ्यातली वेचणी

कापूस फुटला की लोकांना आनंद होतो. मला राग येतो. दिवाळीच्या मागेपुढे मेहकरहून एस.टी.नं माहेराला निघावं, चिखली मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं पांढरी होऊन पडलेली दिसतात, आणि शेजारी बसलेली अनोळखी बाई खिडकीबाहेर बोट करून म्हणते, काय साजरा फुटला व यंदा. मी हो म्हणते आणि दातओठ खाते. त्या बाईचा काही दोष नसतो. दोष एका डब्याचा आहे, आणि डब्याच्या मालकाचा, आणि मालकाच्या पोराचा. मालक म्हणजे माझे बाबा आणि पोरगा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. यंदा दिवाळीला मी या दोघांशी पोटभर भांडले. पण काही राग भांडून उतरत नाहीत, म्हणून आता लिहून पाहते.

ज्या वेचणीचा हा राग आहे, ती महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या सालची. धाडच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आमचं वावर. त्या वर्षी कापूस असा आला होता की बगळे वावरात उतरले तर पुन्हा सापडत नसत. आमची तांबडी गाय तीन दिवस हरवली. साऱ्या गावानं नाले धुंडाळले, आणि ती निघाली आमच्याच वावराच्या मधोमध, अंगभर कापूस चिकटून अशी पांढरी झालेली की बाबांनी तिला आधी ओळखच दाखवली नाही. खोटं वाटेल त्यानं गावात विचारावं. गाव माझंच आहे, नाही कोण म्हणणार.

सकाळी दंव असायचं, ओला कापूस वेचायचा नाही, म्हणून बाया बांधावर ऊन चढायची वाट पाहत बसायच्या आणि तेवढ्यात गावातल्या प्रत्येक सुनेचं भविष्य ठरवून टाकायच्या. मग पदराचे ओटे, म्हणजे कापूस टाकायच्या झोळ्या, बांधून ओळीनं वावरात शिरायच्या. बोंडाचं वाळलेलं टरफल बोटांत असं घुसतं की संध्याकाळी मीठ कालवताना कळतं. पानांचा एक उग्र, तेलकट वास हाताला राहतो, तो भाकरीलाही येतो. मी अकरा वर्षांची होते. मला सारं आठवतं: आईच्या, म्हणजे मायच्या, बोटांवरचे ओरखडे, तिच्या ओट्यातला कापूस उन्हानं कोमट झालेला, आणि घरी मधल्या खोलीत आढ्यापर्यंत लागलेला ढीग, ज्यात उडी मारली की माणूस बुडायचं आणि शिंकत शिंकत पलीकडून निघायचं. माझी आठवण म्हणजे दगडावरची रेघ, असं मी जन्मभर सांगत आले. हे लक्षात ठेवा. पुढे माझीच फजिती आहे.

त्या वर्षी पहिला माल, हलक्या वावरातला, आधीच निघाला होता. तो घेऊन बाबा खामगावला गेले. निघताना मायनं एकच वस्तू सांगितली होती: पाटा. जुना पाटा मधोमध तडकला होता, चटणी वाटताना निम्मी भेगेत जायची. चौथ्या दिवशी बाबा परत आले ते गळ्यात काळा डबा अडकवून. पुढे एक काचेचा डोळा, बाजूला फिरवायची किल्ली, मागे बारीक लाल खिडकी. त्यांनी तो घरापुढच्या ओट्यावर मांडला आणि अर्ध्या गावासमोर जाहीर केलं की हा कॅमेरा आहे, यात बारा माणसं मावतात. मायनं डबा हातात घेतला, उलटा केला, हलवून पाहिला.

"यात चटणी कोठून टाकाची?" तिनं विचारलं.

गाव हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी मनात धरलं असावं, कारण पाटा पुढे दोन वर्षं आलाच नाही.

आता तो कॅमेरा चालवायची रीत अशी की एक फोटो काढला की किल्ली फिरवायची, लाल खिडकीत पुढचा आकडा पूर्ण दिसला की थांबायचं. दुकानदारानं एवढं शिकवून पाठवलं होतं. पण माझे बाबा कापसाच्या बाजारात उभी हयात घालवलेले. तिथं अडत्या वजन करतो आणि ओलीच्या नावानं, मातीच्या नावानं, कधी नुसत्या देवाच्या नावानं काही शेर उगाच कापून घेतो. त्याला कडता म्हणतात. कडत्यानं बाबांचं डोकं असं नासलं होतं की त्यांना पौर्णिमेच्या चंद्रावरचा डागही कोणीतरी कापून नेल्यासारखा वाटे. दोन आकड्यांच्या मधे एवढी फिल्म रिकामी जाते हे पाहून ते तीन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी त्यांना उलगडा झाला: हा कंपनीचा कडता. शेतकऱ्याला इथेही लुबाडतात. मग त्यांनी तोड काढली. आकडा अर्धा दिसला की किल्ली थांबवायची. लाल खिडकीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता म्हणून काढलेल्या फोटोंचा हिशोब ते भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवू लागले. साऱ्या जिल्ह्यात कंपनीला फसवणारा एकच शेतकरी निघाला, आणि तो आमच्याच घरात निघावा, हे आमचं नशीब.

पहिले नऊ फोटो कशाचे? ऐका, आणि तुम्हीच सांगा राग येऊ नये का. बैलजोडी, समोरून. बैलजोडी, बाजूनं. विहिरीवरचं नवं इंजिन. इंजिनाशेजारी दादा. पुन्हा इंजिन, कारण दादा मधे आला होता. कडब्याची गंजी. गुरांच्या वाड्यातली म्हैस. उरलेले दोन पुन्हा बैलांचे. घरात दोन बायका होत्या, एक माय आणि एक मी. आम्ही म्हशीच्याही मागे.

दहावा फोटो सीतादहीचा. मोठ्या वावराची वेचणी सुरू करायच्या दिवशी आमच्याकडे पऱ्हाटीची पूजा होते. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. बांधाजवळच्या एका चांगल्या झाडाला हार घालायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चारी दिशांना थोडा शिंपायचा, आणि वावराच्या मालकिणीनं पहिलं बोंड वेचायचं. सात बाया लागतात. त्या दिवशी बाबा लग्नातला काळा कोट घालून वावरात आले. कापसाच्या वावरात काळा कोट! उलट्या आकाशात कावळा बसावा तसे दिसत होते. सात बाया ओळीनं उभ्या केल्या, श्वास रोखा म्हणाले, कोणी हाललं तर फोटो नासतो म्हणाले, आणि खटका दाबला. मग किल्ली अर्धी फिरवली.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. तिच्या नाकातून वाफ निघत होती. आत एक मोठे पुढारी होते, त्यांचं नाव मी घेणार नाही, त्यांनी आजवर पुष्कळ ठिकाणी ते स्वतःच घेतलेलं आहे. ते आमच्याकडे आले नव्हते. इंजिनाला पाणी हवं होतं, ड्रायव्हर बादली मागायला आला होता. पण पुढारी पाय मोकळे करायला खाली उतरले आणि बाबांना काय झालं कोण जाणे. ते धावले, पऱ्हाटीच्या गळ्यातला हार उपसून काढला, कॅमेरा ड्रायव्हरच्या हातात कोंबला, आणि पुढाऱ्यांपुढे उभे राहिले. पुढारी सवयीनं वाकले. त्यांना वाटलं असावं, वावरावावरात लोक आपली वाट पाहत हार घेऊन उभेच असतात. खटका दाबला गेला. अकरावा.

जीप गेली तेव्हा तो हारही तिच्यातच गेला. माय उघड्या पऱ्हाटीकडे पाहत उभी होती. जेवताना एवढंच म्हणाली, "तो हार झाडाचा होता." बाबा म्हणाले की झाडाले काय समजते. त्यावर तिनं त्यांच्या ताटात वाढायचं थांबवलं, आणि बाबांनी स्वतःच्या हातानं भाकरी घेतली. मी माझ्या आयुष्यात ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीवर अकरा रेघा झाल्या. बारावी राहिली ती राहिलीच. बारा झाल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, अर्धं पोतं भरून कोणी बाजारात जातं का. आणि बारावा शेवटचा, म्हणून तो कशावरही उधळायचा नाही, काहीतरी तोलामोलाचं घडू द्यायचं. मग तोलामोलाची वाट पाहणं सुरू झालं. पोळा आला, बैल नटले. बैल झालेत म्हणाले. दादा मॅट्रिक झाला. दुसऱ्या खेपेला झाला म्हणून नाही. गावात वीज आली तेव्हा बाबा दिवसभर खांबासमोर कॅमेरा रोखून उभे होते, आणि दिवा लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती, उजेड कमी आहे म्हणून परत आले.

आणि दोन वर्षांनी, ऐन वेचणीत, माय तीन दिवसांच्या तापानं गेली.

हे वाक्य मी कितीही वाढवून सांगू शकले असते. गाय पांढरी करू शकते तशी. पण ते एवढंच आहे.

तेराव्याला पाटावर मांडायला फोटो हवा होता. घरात तिचा एकही फोटो नाही. लोक म्हणाले, त्या डब्यात असेल ना, बुलढाण्याला नेऊन धुऊन आणा. बाबा म्हणाले, एक बाकी हाये. आणि त्यांनी काय केलं ऐका: धुतलेल्या चौरंगावर कॅमेराच ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. आत हाये ते, म्हणाले. आणि सगळं गाव एकेक करून त्या डब्याच्या पाया पडून गेलं. मी तेरा वर्षांची होते, मीही पडले. त्या काचेच्या डोळ्यात मला माझंच वाकलेलं तोंड उलटं दिसलं. त्या दिवसापासून मला कोणत्याही फोटोसमोर वाकता येत नाही.

माझ्या लग्नात बाबा कॅमेरा घेऊन मांडवात आले. माझ्यावर रोखला. मी श्वास रोखला. मला वाटलं, आता बारावा होतो, आता माय बाहेर येते. ते किती वेळ तसेच उभे होते कोण जाणे. भटजींचं एक मंगलाष्टक झालं, दुसरं सुरू झालं. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, नातवाच्या बारशाले ठेवू. बारसं झालं तेव्हा कॅमेरा घरी विसरला होता.

तर यंदाची दिवाळी. दसऱ्याच्या आधीच्या सारवण-पोताऱ्यात दादाच्या बायकोनं माळ्यावरून ट्रंक उतरवली होती, ती तशीच ओसरीत पडून होती. मी उघडली, तर मायच्या एका लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा. अकराव्या फोटोला चौदा वर्षं झाली होती. मी तो उचलला आणि सरळ वाड्यात गेले. बाबा काठी टेकत मागून आले, आता त्यांना कमी ऐकू येतं पण हे बरोबर कळलं होतं.

"काय करून राह्यली व?"

"बारावा काढून राह्यली."

"असा नासवू नको. एक बाकी हाये त्याच्यात."

समोर म्हैस होती, आमच्याकडे पाठ करून. मी खटका दाबला. म्हशीच्या बुडाचा फोटो. तोलामोलाचा. चौदा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात कोणीतरी काहीतरी पूर्ण केलं, आणि बाबा ओसरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

बुलढाण्याच्या युसुफचाचांनी रोल धुतला. चाचा म्हातारे, चष्मा कपाळावर ठेवून फोटो डोळ्याला लावणारे. आठ दिवसांनी मी गेले तर दादाही तिथं हजर. दादा सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहे. पुढाऱ्याच्या गळ्यात बाबा हार घालताहेत असा फोटो पत्रकावर छापला तर समोरचा माणूस अर्जच मागे घेईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. चाचांनी धुतलेली पट्टी उजेडात धरली आणि पहिल्यांदा एवढंच म्हणाले की बाई, अर्धा रोल कोरा हाय. चौदा वर्षं एक बाकी, एक बाकी! अर्ध्या किल्लीनं फिल्म अर्धीच सरकत गेली होती. आत पाच-सहा फोटोंची जागा धूळ खात पडली होती. आणि जे निघाले ते एकमेकांवर चढलेले. बैलाच्या शिंगावर इंजिन, इंजिनाच्या धुराड्यातून दादाचं डोकं. मी त्या दुकानात बसून हसले, आणि मग हसणं बंद होईना म्हणून चाचांनी पाणी दिलं.

सीतादहीचा फोटो सापडला. बायांची ओळ, पदर डोक्यावर, थोडी धूसर. त्याचा एक काठ पुढच्या, पुढाऱ्याच्या, फोटोवर चढला होता. दादानं बायांकडे पाहिलं आणि म्हणाला, असंन यातलीच कोणती माय, पण त्या पुढाऱ्याचा मोठा करा, आणि बाबाच्या कोटावर चुन्याचा हात पडल्यासारखा डाग दिसते, तेवढा काढून टाका. चाचा म्हणाले की काढता येतो, निगेटिव्हवर पात्यानं खरवडायचं काम, पण ते सकाळच्या उजेडात करतो, उद्या.

असंन यातलीच कोणती! मी जी सुटले ते दुकानाबाहेर माणसं जमेपर्यंत. जन्म दिलेल्या बाईला ओळखत नाहीस, पुढाऱ्याला बरा ओळखतोस, पंधरा वर्षांचा घोडा होतास तेव्हा, मी अकराची होते पण मला तिच्या ओट्याची गाठ आठवते. आणि मी बोट ठेवलं: डावीकडून दुसरी. ताठ मान, भरलेला ओटा. ही माय. दादाचे डोळे भरले. चाचांनी दोन्ही फोटोंची एकेक प्रत आमच्या हातात दिली आणि आम्ही धाडच्या गाडीत बसलो. वाटभर मी ती दुसरी बाई मांडीवर धरून होते.

बाबांनी फोटो उजेडाकडे नेला. बराच वेळ पाहिला.

"हे तं येसोदा व्हय," ते म्हणाले. "गणपतची बायको."

मी म्हटलं, नीट पाहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, कडत्याचा हिशोब लागला नाही की अडत्याकडे पाहायचे तसं. "दह्याची वाटी कोठी हाये?" त्यांनी विचारलं. "वाटी मालकिणीच्या हाती राह्यते."

मी बाया मोजल्या. सहा. सीतादहीला सात लागतात, हे मला, दगडावरच्या रेघेला, एकदाही सुचलं नव्हतं. साऱ्याजणींचे हात मोकळे. बाबांनी दुसरा फोटो ओढला, पुढाऱ्याचा. स्वतःच्या काळ्या कोटावर, दादा ज्याला डाग म्हणत होता तिथं, बोट टेकवलं. पांढरट पदराची कड. त्याखाली तोंड. आणि कोटाच्या खिशाजवळ एक गोल, उजळ वाटी. ओळीच्या टोकाला उभी असलेली सातवी बाई किल्लीच्या काटकसरीनं थेट नवऱ्याच्या छातीवर येऊन बसली होती. ते तोंड मी बसमधून आणलं होतं आणि त्याच्यावर पानाची पुडी ठेवली होती.

दादा उठून बाहेर गेला. मी बाबांना म्हटलं, सकाळी चाचा हे खरवडणार आहेत.

सकाळच्या पहिल्या गाडीत आम्ही तिघं होतो. बाबा दोन वर्षांत गावाबाहेर पडले नव्हते. चाचा पातं पुसत बसलेले सापडले, उजेड खिडकीतून नुकताच टेबलावर येत होता. मी धापा टाकत सांगितलं की तो डाग नाही, ती बाई आहे, तिला ठेवायचं. चाचांनी भिंग लावलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले. तोंड चांगलं आलंय म्हणाले. काळ्या कोटामुळेच वाचलं, पांढऱ्या सदऱ्यावर पडलं असतं तर गेलंच होतं. पण हार तिच्या गालावरून जातो, आणि बाबांचे हात तिच्या कपाळावरून. ते आहेत तोवर ती नीट दिसणार नाही. ते खरवडायचे तर हात जातील, आणि हात गेले की बिनहाताचा माणूस कसा ठेवायचा, त्याचं तोंडही काढावं लागेल. एकदा खरवडलं की परत येत नाही. दादा मधे काहीच बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. आमच्या घरात बाबांचा तरुणपणीचा तेवढाच एक फोटो. त्यांच्या सगळ्या आयुष्यात मोठ्या माणसाशेजारी ते तेवढेच एकदा उभे राहिले होते.

चाचांनी मोठ्यानं, कानाशी येऊन, हे सगळं त्यांना पुन्हा सांगितलं.

"मंग खरवड ना मले," बाबा म्हणाले. "मी तं अजून हाओ. ज्याले माह्यं थोबाड पाह्याचं असंन त्यानं घरी यावं."

दुपारपर्यंत चाचा पात्यानं बाबांना काढत होते, आधी हार, मग बोटं, मग मिशा. बाबा समोरच्या स्टुलावर बसून पाहत होते आणि मधूनमधून सांगत होते, कानाजवळ राह्यलं थोडं.

दादाचं पत्रक बिनफोटोचं निघालं. मी अजून रागावलेलीच आहे. चौदा वर्षं त्या बाईला डब्यात कोंडून ठेवलं, हे एका सकाळच्या मोठेपणानं धुऊन निघत नाही, आणि मी तसं बाबांना दर भेटीत सांगते. फोटो मात्र मेहकरला माझ्या बैठकीत आहे. एका बाजूला माय, हातात दह्याची वाटी, जराशी हाललेली. दुसऱ्या बाजूला ते मोठे पुढारी, पांढरी टोपी, डोळे मिटून, कमरेत वाकलेले. मधे हार नाही, हार घालणारा नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढा मोठा माणूस कोणापुढे वाकून राह्यला?

मी सांगते, वावराच्या मालकिणीपुढे.